१३० नावं आणि ३३ हजारांचा आकडा

२१ मार्च १९१४ रोजी एडिंबरातल्या इन्व्हर्लीथ मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड रग्बी खेळले. इंग्लंड १६–१५ असं, एका गुणानं जिंकलं. मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून ३० खेळाडू होते. साडेचार महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. ते संपलं तेव्हा या ३० जणांपैकी ११ जण मेलेले होते. शेकडा ३७.

हे ११ जण एका ठिकाणी, एका हल्ल्यात गेले नाहीत. इंग्लंडचा जेम्स वॉटसन नौदलात डॉक्टर होता. ऑक्टोबर १९१४मध्ये त्याचं 'हॉक' जहाज पाणतीरानं बुडालं. फ्रान्सिस ओकली पाणबुडीत होता. ती पाणबुडी परतलीच नाही. आर्थर डिंगल गॅलिपोलीत पडला, आल्फ्रेड मेनार्ड सोमच्या लढाईत. स्कॉटलंडचा जेम्स हगन सैन्यातला डॉक्टर होता. तो सप्टेंबर १९१४मध्येच फ्रान्समध्ये मारला गेला. विल्यम वॉलेस आणि जॉन विल विमानदलात गेले, दोघंही आकाशातून परतले नाहीत. एरिक मिलरॉयचा अंत जुलै १९१६मध्ये डेल्व्हिलच्या रानात झाला. समुद्रावर, समुद्राखाली, खंदकात, दवाखान्याच्या तंबूत, हवेत. त्या काळी माणसानं लढायच्या जेवढ्या जागा शोधल्या होत्या, जवळपास त्या सगळ्यांत या एका सामन्यातला कुणी ना कुणी होता.

इंग्लंडचा कर्णधार होता रोनाल्ड पोल्टन-पामर. हंटली अँड पामर्स या बिस्किटांच्या कारखान्याचा वारस. इन्व्हर्लीथनंतर तीन आठवड्यांनी पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध त्यानं एकट्यानं चार ट्राय केले. पुढच्या वर्षी, ५ मे १९१५ रोजी बेल्जियममध्ये लपून नेम धरणाऱ्या एका जर्मन बंदूकबाजानं त्याला टिपलं. वय २५, हुद्दा लेफ्टनंट.

ज्या करंडकासाठी तो सामना झाला तो हिंदुस्थानी चांदीचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतले २७० चांदीचे रुपये काढून ते वितळवले, त्याचा करंडक घडवला आणि १८७८मध्ये विलायतेला पाठवला. तीन नाग हे त्याचे कान आणि झाकणावर हत्ती. एक रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून तीन किलोंहून थोडं जास्त. 'कलकत्ता कप' या नावानं तो आजही खेळला जातो.

सगळ्या देशांचे मिळून या महायुद्धात १३०च्या आसपास आंतरराष्ट्रीय रग्बीपटू मेले. स्कॉटलंडनं तीसेक गमावले, इंग्लंडनं २७, फ्रान्सनं वीसहून अधिक, न्यूझीलंड आणि वेल्सनं प्रत्येकी १३. यांतल्या प्रत्येकाचं नाव, शाळा, किती सामने खेळला, कोणत्या पलटणीत होता, कोणत्या दिवशी, कुठे आणि कसा मेला, हे सगळं लिहिलेलं आहे. त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला जन्मलेला सेसिल ॲबरक्रॉम्बी स्कॉटलंडकडून रग्बी आणि हॅम्पशायरकडून क्रिकेट खेळला आणि नौदलात लेफ्टनंट झाला. ३१ मे १९१६ला जटलंडच्या सागरी लढाईत त्याचं 'डिफेन्स' हे जहाज स्फोट होऊन बुडालं. जहाजावरच्या सुमारे ९०० जणांपैकी एकही वाचला नाही. त्या ९००मधला ॲबरक्रॉम्बी आज हुडकून काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

या मृत रग्बीपटूंतले बहुतेक जण अधिकारी होते, आणि ते काही केवळ शौर्यामुळे नव्हे. १८९५मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब फुटून वेगळे झाले, कारण गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या खेळाडूला बुडालेल्या रोजाची भरपाई हवी होती आणि मूळ संघटनेला ती मान्य नव्हती. त्यानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात उरले ते बहुतांशी महागड्या निवासी शाळांतले, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे, डॉक्टर, वकील, कारखानदारांची मुलं. याच शाळांमध्ये १९०८पासून अधिकारी घडवणारी लष्करी पथकं होती. युद्ध सुरू झाल्यावर अशा तरुणाला थेट सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळे. अपवाद होतेच. न्यूझीलंडच्या १९०५च्या गाजलेल्या संघाचा कर्णधार डेव्ह गॅलहर सार्जंट म्हणून लढला आणि ४ ऑक्टोबर १९१७ला पडला. इंग्लंडचा एडगर मॉब्ज वयानं बत्तिशीचा, म्हणून त्याला आधी अधिकारी करून घेतलं नाही. तो साधा शिपाई म्हणून दाखल झाला, अडीचशेच्या वर माणसं स्वतः जमवून घेऊन आला आणि चढत चढत लेफ्टनंट कर्नल झाला. ३१ जुलै १९१७ला तो मेला. त्याचा देह सापडला नाही.

अधिकारी असणं जिवावर बेतणारं होतं. ब्रिटिश सैन्यातल्या साध्या शिपायांपैकी शेकडा १२ मेले, अधिकाऱ्यांपैकी शेकडा १७. खंदकातून सर्वांत आधी वर चढायचं ते तरुण लेफ्टनंटनं, हातात पिस्तूल, तोंडात शिट्टी. पेहरावावरून तो लांबूनही ओळखू येई. कलकत्ता कपातल्या ३० जणांचा शेकडा ३७ हा आकडा त्याहूनही दुप्पट आहे. तीस माणसांवरून नियम काढता येत नाही, पण पंचविशीतला धडधाकट तरुण लढाईच्या तोंडाशीच नेऊन ठेवला तर काय होतं ते त्यातून दिसतं.

इथवरचे आकडे डोक्यात मावतात. १३० माणसं म्हणजे एका लग्नातल्या पंगतीच्या दोन ओळी. पुढचे आकडे मावत नाहीत, म्हणून एक माप ठरवून घेऊ. २०११च्या जनगणनेनुसार मावळ तालुक्याची लोकसंख्या होती ३ लाख ७७ हजार. लोणावळा, खंडाळा, कार्ले, कामशेत, वडगाव, तळेगाव, पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरून. याला म्हणू 'एक मावळ'.

या मापानं पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे मेलेले सैनिक भरतात दोन मावळ: साडेसात लाखांच्या आसपास. भारतातून समुद्रापार गेलेले सैनिक आणि नोकरचाकर दहा लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास तीन मावळ. त्यांतले एकट्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुमारे ५ लाख ८८ हजार धाडले गेले: दीड मावळ. यांतले निम्मे बंदूक न धरणारे होते. भिस्ती, लांगरी, खेचरवाले, हमाल, डोलीवाले. भारतीय सैन्याचे एकूण मृत सुमारे ७४ हजार. लोणावळा शहराची २०११ची लोकसंख्या ५७ हजार. अख्खं लोणावळा रिकामं केलं तरी तो आकडा भरत नाही.

या मोजणीत मावळ नुसतं माप म्हणून आलेलं नाही. १९१४मध्ये मेसोपोटेमियात पहिल्यांदा उतरलेल्या फौजेचं नावच 'सहावी पुणे डिव्हिजन'. पुण्याच्या छावणीतून मुंबई बंदराकडे जाणारा लोहमार्ग एकच होता: तळेगाव, वडगाव, लोणावळा आणि मग भोरघाट. १९२९पर्यंत या घाटात गाडी एका टप्प्यावर थांबे, इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावलं जाई आणि गाडी उलट दिशेनं उतरू लागे. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट उतार, २५ बोगदे. १८५६ ते १८६३ या काळात हा मार्ग बांधताना एका वेळी ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले २५ हजारांच्या आसपास मेले असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिनं ठेका पुढे नेला. या दोघांची नावं इतिहासात आहेत. २५ हजारांचा फक्त अंदाज आहे.

पुणे डिव्हिजनचा पहिला ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओच्या किनाऱ्यावर उतरला. त्यात ११७वी मराठा पलटण होती. मागून आलेल्या ब्रिगेडांमध्ये १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. या पलटणींची भरती होई ती देशावरून आणि कोकणातून: सातारा, पुणे, रत्नागिरी, कुलाबा. २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. तिथून ही फौज तैग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या दिशेनं चढत गेली. बरोबर एक वर्षानं, नोव्हेंबर १९१५मध्ये, टेसिफोनच्या लढाईत एकाच डिव्हिजनची चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली.

मागे हटून फौज कुत-अल-अमारा या गावात शिरली आणि तुर्कांनी वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४५ दिवस. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खावी लागली. अनेक भारतीय शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच आठवडे नाकारलं आणि सांगाड्यासारखे झाले. आत अडकलेल्या सुमारे १३ हजारांना सोडवायला बाहेरून चढाया झाल्या, त्यांत २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. एकाला वाचवायला जवळपास दोन, आणि तोही वाचला नाही. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना वेगळं काढून बऱ्या अवस्थेत ठेवलं गेलं. साध्या शिपायांना शेकडो मैल वाळवंटातून चालवत नेलं. ब्रिटिश शिपायांपैकी दहातले सात मेले. भारतीय शिपायांतले मृत हजारांत मोजावे लागतात. युरोपच्या खंदकात हुद्दा जिवावर बेतला, तर कुतमध्ये त्यानं जीव वाचवला.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजार ५००हून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. ब्रिटिश अधिकारी आणि शिपाई, सगळ्यांची नावं दगडात कोरली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली. भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे एक संख्या. अशा बिननावाच्या भारतीयांची बेरीज ३३ हजारांच्या वर जाते.

फ्रान्समध्ये याच सैन्याबाबत निराळं घडलं. नव-शापेल इथल्या स्मारकावर ४,७००हून अधिक भारतीयांची नावं एकेक करून कोरलेली आहेत. तीच फौज, तसेच शिपाई, तेच युद्ध. एका ठिकाणी नाव, दुसऱ्या ठिकाणी संख्या. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हे मान्य केलं. त्याच्या अंदाजानुसार भारतीय, आफ्रिकी, इजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्यांपेक्षा कमी दर्जाचं ठेवलं गेलं. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी आहेत की त्यांचं नावानं किंवा कसलंच स्मरण झालेलं नाही. साडेतीन लाख म्हणजे जवळपास एक मावळ. २२ एप्रिल २०२१ला ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

हा फरक वेळेत मोजून पाहू. एक नाव स्पष्ट उच्चारायला तीन सेकंद धरा. लोणावळ्याहून पुण्याची लोकल सुटली आणि मेलेल्या १३० रग्बीपटूंची नावं वाचायला घेतली, तर साडेसहा मिनिटांत, मळवली यायच्या आत, यादी संपते. बसऱ्याच्या ३३ हजारांची नावं वाचायला लागतील साडेसत्तावीस तास. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटरच्या अशा वीस फेऱ्या. सगळ्या ७४ हजार भारतीय मृतांना जवळपास ६२ तास, आणि ब्रिटनच्या साडेसात लाखांना रात्रंदिवस २६ दिवस.

मग मराठी नावाचा एखादा रग्बीपटू-कॅप्टन या १३०मध्ये का नाही? खेळाच्या आधी हुद्द्याचं गणित पाहावं लागतं. १९१७पर्यंत लढाऊ पलटणीत राजाचं कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याची सनद, भारतीयाला मिळतच नव्हतं. कितीही वर्षं चाकरी केली तरी तो सुभेदार किंवा सुभेदार-मेजर होई, आणि काल आलेला गोरा लेफ्टनंट त्याचा वरिष्ठ. ऑगस्ट १९१७मध्ये पहिल्यांदा नऊ भारतीयांना असं कमिशन मिळालं. १९१८पासून सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. तेव्हाची लोकसंख्या साडेएकतीस कोटी. म्हणजे तीन कोटींहून अधिक माणसांमागे वर्षाला एक जागा.

दार उघडल्यावर काय होऊ शकलं याचं उदाहरण पुण्यातच जन्मलं, पण खेळ क्रिकेटचा. हेमू अधिकारी, जन्म ३१ जुलै १९१९. १९३६च्या मोसमात, सतराव्या वर्षी ते प्रथम श्रेणीत उतरले. मग दुसरं महायुद्ध आलं. पहिली कसोटी खेळायला मिळाली ती नोव्हेंबर १९४७मध्ये ब्रिस्बेनला, वयाच्या २८व्या वर्षी. ते भारतीय सैन्यात अधिकारी होते आणि लेफ्टनंट कर्नल झाले. एकूण २१ कसोटी. १९५८-५९मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पाच कसोटींत भारतानं चार कर्णधार बदलले. चौथे अधिकारी. दिल्लीच्या त्या कसोटीत ३९ वर्षांच्या कर्नलनं ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले. पुण्यातच जन्मलेले चंद्रशेखर गडकरी हे आणखी एक कसोटीपटू सैन्याधिकारी. ते सहा कसोटी खेळले. या दोघांच्या धावांची सरासरी दशांशासकट नोंदलेली आहे. खेळाडूची वही नीट ठेवली जाते, मग तो इन्व्हर्लीथचा असो की पुण्याचा.

लोणावळ्यालाही लष्करी वही आहेच. १५ फेब्रुवारी १९४५ला, दुसरं महायुद्ध संपायच्या आधी सहा महिने, इथे नौदलाची 'शिवाजी' ही इंजिनियरिंगची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आजही जहाजाच्या पोटातली यंत्रं चालवणारे नौदल अधिकारी आणि तंत्रज्ञ तिथे घडतात. लोहमार्गावर पुढे खडकीत युद्धकबरस्तान आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आणि पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या १,८००हून अधिक सैनिकांचं स्मारक. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून ६२९ जणांचे अवशेष १९६२मध्ये इथे आणले गेले. हिरवळ कापलेली, ओळी सरळ, प्रत्येक दगडावर नाव.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मात्र चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. इंग्रजीत दोन वाक्यं: १९१४–१९१९च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. गावाचं नाव सोडलं तर पाटीवर फक्त दोन संख्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण मेले. मृत रग्बीपटूंच्या यादीत सर्वांत वरच्या स्कॉटलंडनं गमावले तीसेक. एका देशाच्या राष्ट्रीय संघाचं जे नुकसान ग्रंथांतून सांगितलं जातं, त्याच्या दीडपट नुकसान एका मराठी गावानं सोसलं.

१३० आणि ३३ हजार या दोन आकड्यांत अडीचशे पटींचा फरक आहे. पण डोकं खरं चक्रावतं ते दुसऱ्याच गोष्टीनं: लहान आकड्यातलं प्रत्येक नाव पाठ आहे आणि मोठ्यातलं एकही नाही. हे विसरण्यातून घडलेलं नाही. बसऱ्याला किती मेले हे दगडात कोरता आलं, म्हणजे मोजणी झाली होती. सैन्याच्या कागदांत पगार, पेन्शन, वारस यांसाठी शिपायाचं नाव लिहावंच लागे. नाव माहीत होतं, कोरलं नाही एवढंच. युद्धकबर आयोगाच्या आजच्या नोंदींत अनेक भारतीय शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. त्यातून 'पुणे जिल्हा' वेगळा काढणं, त्यातून मावळची गावं निवडणं आणि गावागावाच्या भिंतीवरच्या संख्येखाली ती नावं लिहिणं हे एखाद्या तालुक्याच्या शाळांना एका वर्षात करता येईल एवढंच काम आहे. रग्बीच्या चाहत्यांनी त्यांच्या १३० जणांसाठी ते केलं. ३३ हजारांना अडीचशे पट मेहनत लागेल, पण एका गावाच्या वाट्याला त्यातली पाच-दहाच नावं येतील.